मास्तरांची दाढी

ताईच्या बोटांना पुरुषाच्या गालाची पहिली ओळख झाली ती वडिलांमुळे. शेवटची काही वर्षं वडिलांचे हात थरथरायचे. चहाचा कप हातात दिला की निम्मा चहा बशीत आणि निम्मा सदऱ्यावर. तरी रोज दाढी झालीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. जुन्या पात्याच्या रेझरने ते स्वतःला इतकं कापून घ्यायचे की न्हाणीघरातून बाहेर आले की गालांवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले असायचे. एक दिवस ताईने काही न बोलता ते रेझर त्यांच्या हातातून काढून घेतलं, त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि स्वतः त्यांची दाढी केली. तेव्हापासून ते काम तिचंच झालं.

ती तेव्हा रेझरच्या कारखान्यात होती. दिवसभर रेझरला बसवायची पात्यांची डोकी प्लास्टिकच्या डब्यांत भरायची. हाताखालून रोज हजारो जात, पण त्यांतलं एक माणसाच्या गालावर कसं चालतं हे तिला वडिलांच्या चेहऱ्याने शिकवलं. सुरकुती ताणून धरायची, दाबायचं नाही, हनुवटीखाली केस कुठल्या दिशेला वळलेत ते आधी बोटांनी चाचपायचं. वडील गेले तोवर तिच्या बोटांना डोळ्यांइतकं दिसायला लागलं होतं.

कारखान्यात नवीन रेझर तपासण्यासाठी एक खोली उघडली, तेव्हा साहेबांनी पॅकिंगच्या बायकांना विचारलं की कोणी कधी दुसऱ्याची दाढी केलीय का. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत हसल्या. ताईने हात वर केला. अशी ती त्या खोलीत गेली आणि पुढे तिथेच राहिली.

खोली लांबट होती. एका भिंतीला चार बेसिनं, चार आरसे, वर पांढऱ्या ट्यूब आणि कोपऱ्यात एक गीझर, जो पाणी तापलं की आतून कोणीतरी दार ठोठावतंय असा आवाज करायचा. सकाळी कामावर जायच्या आधी माणसं यायची. कोणी टॅक्सी चालवणारा, कोणी बँकेतला, कोणी बेकरीतला. प्रत्येकाला दोन रेझर मिळायची. दांड्यांवर पांढरी पट्टी गुंडाळलेली असायची, म्हणजे कुठलं कुठल्या कंपनीचं ते कळू नये. डावा गाल एकाने करायचा, उजवा दुसऱ्याने. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दाढी झाली की ताई चाकाच्या स्टुलावर बसून एकेकाच्या समोर जायची, डोळे मिटायची आणि आधी बोटांच्या मागच्या बाजूने, मग पेरांनी गाल चाचपायची. कानापासून जबड्यापर्यंत, मग गळा, मग ओठाखालचा खळगा. मग ठरलेले प्रश्न. जळजळ होते? रेझर घसरतं? ओढ जाणवते? हा शेवटचा प्रश्न केस पात्यात अडकून ओढला जातो का यासाठी होता, पण बाईमाणसाने इतक्या जवळून विचारल्यावर नवी माणसं पहिल्या दिवशी हमखास हसायची. ताई हसायची नाही. तिला कागद भरायचा असायचा.

सगळे तिला ताई म्हणायचे. तिच्यापेक्षा वयाने मोठा असलेला टॅक्सीवालासुद्धा. त्याची दाढी तारेसारखी. त्याच्या गालावर चाललं ते रेझर कुणाच्याही गालावर चालेल असं साहेब म्हणायचे.

घरी ताई आणि आई, दोघीच. धाकटा भाऊ दुसऱ्या देशात स्थायिक झालेला, फोनवर यायचा. ताईचं लग्न जमता जमता राहिलं. आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग वय. या 'मग'मध्येच निम्मं आयुष्य निघून गेलं. आईला कमी ऐकू यायचं, पण बोलायला तिला काही कमी पडत नव्हतं. संध्याकाळी ताई दमून आली की आई म्हणायची, ''दिवसभर परक्या बाप्यांच्या गालांवरून हात फिरवतेस. एवढ्या गालांतून घरी एक आणता आला नाही तुला.''

ताई म्हणायची, कंपनीचा माल घरी आणायला बंदी आहे.

मास्तर त्या खोलीत आले ते थंडीत. पोलिसांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले, आणि आता एका शाळेत मुलांना शिकवायचे. उंच, किंचित पुढे झुकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, तुम्हाला कसं रेझर हवं? तर म्हणाले, मला देखणं दिसायचं नाहीये, मला वाजवायचंय. मग त्यांनी समजावून सांगितलं. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर ओढून घ्यावा लागतो. ओठाखाली एक जरी खुंट राहिला तरी तो सुईसारखा टोचतो, आणि ओठाखालची कातडी सोलली गेली तर चार दिवस वाजवण्याचं नाव नको. म्हणून त्यांना रोज दाढी हवी, पण रोज करूनही कातडी शाबूत राहील अशी.

ताई त्यांच्यासमोर बसली. हात गार पडले होते. बोटं गालाला लागताच मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आपला चहाचा ग्लास तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, ''आधी हे धरा जरा.''

तिने दोन्ही तळव्यांत ग्लास धरला. हात ऊबदार झाले. मग तिने गाल तपासला. त्यानंतर थंडीच्या प्रत्येक सकाळी हे असंच व्हायचं, आणि उन्हाळा आला की ताईला वाटायचं की काहीतरी संपलं.

मास्तरांनी तिला कधी ताई म्हटलं नाही. बाईही नाही, मॅडमही नाही. ''अहो'' म्हणायचे, नाहीतर काहीच नाही. नुसतं बघायचे आणि बोलायला लागायचे. ही गोष्ट तिच्या लक्षात यायला वर्ष लागलं, पण एकदा आल्यावर ती विसरता येईना. खोलीतल्या इतरांच्या तोंडून 'ताई' ऐकलं की आता तिला मास्तरांचं न म्हणणं ऐकू यायचं.

तसं दोघांमध्ये बोलणं ते काय व्हायचं? रेझरचंच. पाच पात्यांचं असेल तर मास्तर कुरकुरायचे. म्हणायचे, करताना लोण्यासारखं चालतं, पण संध्याकाळी गळ्यावर पुरळ उठतं. तिचा अनुभवही तोच होता. जास्त पाती असली की केस कातडीच्याही आत कापला जातो, आणि नाजूक कातडीत मग तो आतल्या आत वळतो. त्यांच्यासाठी तीन पात्यांचं बरं, तेही पात्यांमध्ये मोकळी जागा असलेलं, म्हणजे फेस अडकत नाही आणि पाण्याखाली धरलं की झटक्यात धुतलं जातं. दांडा जरा वजनदार हवा, मग हाताला दाबावं लागत नाही. एवढं बोलणं व्हायचं आणि ताईला ते दिवसभर पुरायचं.

एकदा मास्तरांनी तिला शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं. मुलं वाजवणार होती आणि शेवटी एक तुकडा ते स्वतः. ताईने नवीन चप्पल घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी आई न्हाणीघरात घसरली. काही मोडलं नाही, पण ताई गेली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आईची चौकशी केली, कार्यक्रमाचं काही बोलले नाहीत. ताईला त्या माणसाचा ओठाखालचा खळगा डोळे मिटून ओळखता आला असता, पण त्या ओठांतून काय निघतं ते तिने कधी ऐकलं नव्हतं.

अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग एका सकाळी, तिचा हात त्यांच्या उजव्या गालावर असताना, मास्तर म्हणाले की मुलीला मुलगी झालीय. जावयाची नोकरी फिरतीची. मुलीला कामावर परत जायचंय. ती म्हणते, बाबा, तुम्ही इकडे या, कायमचे.

''मी अजून होकार कळवलेला नाही,'' ते म्हणाले आणि आरशातून तिच्याकडे बघत राहिले.

शेजारच्या खुर्चीत टॅक्सीवाला तोंड पुसत होता. त्याचा टॉवेल थांबला. गीझर आतून ठोठावत होता. ताईच्या मनात आई आली. घसरलेली आई, दिवसातून चार वेळा औषधांच्या पुड्या मागणारी आई. ती म्हणाली, ''नात म्हणजे भाग्य. जायला हवं तुम्ही.''

''हो. जायला हवं,'' मास्तर म्हणाले.

मग तिने कागद ओढला आणि ठरलेला प्रश्न विचारला. उजवीकडे ओढ जाणवली?

''उजवीकडे नाही.''

''डावीकडे?''

त्यांनी डाव्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, ''डावीकडे आहे. बरीच आहे.''

ताईने तसं लिहिलं. डाव्या गालाच्या रेझरचे गुण कापले गेले. खरं तर त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पुढे ते बाजारात आलं आणि चांगलं खपलं.

मास्तर गेले. त्यांच्या खुर्चीवर एक औषधांच्या दुकानाचा मालक येऊन बसायला लागला. माणूस भला होता, गालही गुळगुळीत. ताई त्याला दहापैकी नऊ गुण द्यायची आणि तिला काही वाटायचं नाही. पण रस्त्यात, बसच्या रांगेत, कुणी उंच, पुढे झुकलेला माणूस पाठमोरा दिसला की तिची बोटं आपोआप मिटायची. तिने कोणाला काही सांगितलं नाही. आईने एकदा विचारलं, ''हल्ली ताटात बघून जेवत नाहीस, कुठे बघतेस?'' ताई म्हणाली, कामाचा ताण आहे. आई म्हणाली, ''गालांचा कसला आलाय ताण.'' आणि गप्प बसली, जे तिच्या स्वभावात नव्हतं.

दोन वर्षांनी खोली बंद झाली. एक यंत्र आलं. कॅमेरा कातडीचे फोटो काढायचा आणि खुंट मोजायचा. ते बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीने ताईला बरेच दिवस शेजारी बसवून घेतलं, तिच्या गुणांशी यंत्राचे गुण ताडून पाहिले. दोन्ही जवळजवळ सारखेच आले. ताईला राग आला नाही. यंत्राला आजारी आई नव्हती आणि सुट्टी लागत नव्हती. कंपनीने तिला काढलं नाही, ग्राहकांच्या फोनवर बसवलं. रेझरच्या पाकिटावर एक नंबर असतो, तो कोणी लावत नाही असं आपल्याला वाटतं, पण लावतात. तिथे तिघी जणी होत्या. फोन उचलला की आधी एक ध्वनिमुद्रित आवाज सांगायचा, हे संभाषण रेकॉर्ड केलं जात आहे, आणि मग ताई म्हणायची, बोला, काय मदत करू?

लोक काय काय विचारायचे. पाती किती दिवसांनी बदलायची? बोथट वाटली की. नवीन असूनही गाल जळतो. दाढी भिजू द्या, अंघोळीनंतर करा, पहिला हात केसाच्या दिशेने, उलटा हात शेवटी, तोही गरज असेल तरच. ताई शांतपणे सांगायची. समोर गाल नसायचा, नुसता आवाज. तिचे हात टेबलावर रिकामे पडलेले असायचे.

एका बुधवारी सकाळी फोन आला. ''नमस्कार. मला रोज दाढी करायची असते. तीन पात्यांचं घ्यावं की पाच पात्यांचं?''

ताईने 'नमस्कार'लाच ओळखलं होतं. शेजारच्या दोघी आपापल्या फोनवर होत्या. संभाषण रेकॉर्ड होत होतं. तिने टेबलाची कड धरली आणि विचारलं, तुमची कातडी कशी आहे?

''नाजूक आहे, असं एका जाणकार व्यक्तीचं मत होतं.''

''ओठाखाली त्रास होतो?''

''तिथेच होतो.''

ती म्हणाली की पाच पात्यांनी दाढी जास्त साफ होते, पण रोजच्यासाठी तुम्हाला तीनच बरं. दांडा जड बघून घ्या. दाबू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये हं म्हणाले. शेवटी तिने नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही शंका?

''आजच्यापुरती नाही,'' मास्तर म्हणाले.

पुढच्या बुधवारी पुन्हा फोन. या वेळी साबण आणि जेल यांतलं काय बरं. त्याच्या पुढच्या बुधवारी डोकं वळणारं रेझर घ्यावं की न वळणारं. जबड्याच्या वळणावर कुठलं नीट बसतं. मग दुसऱ्या कंपन्यांचीही आणली म्हणाले. अमुक ओढतं, तमुक घसरतं, एकाची वरची बुळबुळीत पट्टी चारच दिवसांत झिजते. ताई प्रत्येकाचं उत्तर द्यायची. फोन दुसरीने उचलला तर ती हाताने रिसीव्हर झाकून म्हणायची, ''घे गं, तुझं गिऱ्हाईक.'' मंगळवारी रात्री ताई केस धुवायला लागली. फोनवर काही दिसत नाही हे तिला कळत होतं. तरी धुवायची.

ती रोज मनात त्यांची दाढी होताना बघायची. आता गीझर लावला असेल. आता उजवा गाल. आता ओठाखाली, जपून. रेझर तिने सांगितलेलं असायचं आणि पाणी ती मनातल्या मनात कोमट करून द्यायची.

पाच-सहा महिने असे गेल्यावर फोनच्या विभागाच्या साहेबांचं लक्ष गेलं. ते म्हणाले, हे गृहस्थ बाजारातलं प्रत्येक रेझर वापरून बसलेत आणि तरी यांचं समाधान नाही. असा ग्राहक उद्या चार ठिकाणी बोलेल. यांना आपलं प्रत्येक मॉडेल घालून एक भेटपेटी पाठवा आणि तक्रार मिटवून टाका. यापुढे त्यांचे फोन घ्यायचे नाहीत.

पेटीवर घालायला पत्ता काढला, तेव्हा ताईला पहिल्यांदा कळलं की मास्तर कुठल्या गावात राहतात. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. ती पार्सलच्या खिडकीशी गेली, पेटी पुढे केली आणि परत ओढून घेतली. म्हणाली, रविवारी मी त्याच बाजूला जाणार आहे, मीच देते. आयुष्यातलं तिचं हे बहुधा पहिलंच सरळ सरळ खोटं.

आईला तिने सांगितलं, कामानिमित्त जायचंय, शेजारच्या काकू येऊन बसतील. आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

''रविवारी काम, आणि नवी चप्पल?''

''जुनीच आहे. घातली नव्हती.''

''खोटं बोलायला सराव लागतो, बये. तुला कुठला असणार. जा. आणि ते खोकं जरा सैल धर, छातीशी इतकं आवळलंस तर चेपेल.''

बसमध्ये तिने पेटी मांडीवर ठेवली. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. कंपनीतर्फे, आपल्या समाधानासाठी. एवढं बोलून द्यायची. त्यांनी बसा म्हटलं तर बसायचं. आणि चेहरा बघायचा. तिला तो चेहरा बघायचा होता. गेल्या दोन-अडीच वर्षांत त्यावर काय काय झालं असेल, गळ्यावरचं पुरळ गेलं असेल का, तीन पात्यांनी खरंच बरं वाटत असेल का.

दार मुलीने उघडलं. हात ओले, कडेवर लहानगी. ताईने कंपनीचं नाव सांगितलं. मुलगी आत वळून म्हणाली, बाबा, तुमचं काहीतरी आलंय.

मास्तर बाहेर आले. चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि पार शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पांढरी दाढी.

ताई पाठ केलेलं वाक्य विसरली. ती त्या दाढीकडे बघत राहिली. सहा महिने तिने या माणसाला जबड्याच्या वळणाविषयी सांगितलं होतं, उलट्या हाताविषयी सांगितलं होतं, एकदा तर अर्धा तास हनुवटीवर घालवला होता. तिला आधी रागच आला.

''तुम्ही तर दाढीच करत नाही.''

''नाही,'' मास्तर म्हणाले.

''मग दर बुधवारी?''

''बुधवारी मी फोन करतो.''

मुलीने एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा ताईकडे. मग तिने चहा ठेवला, दोन कप गॅलरीत आणून ठेवले आणि लेकीला घेऊन खाली फिरायला गेली. जाताना म्हणाली की आम्हाला वेळ लागेल.

मास्तरांनी सगळं सांगितलं. टॅक्सीवाला अधूनमधून फोन करायचा, त्याच्याकडून कळलं की खोली बंद झाली आणि ती फोनवर बसते. दाढी त्याच्या बरीच आधीची. इथे आल्यावर सुरुवातीला रोज केली. मग एक दिवस हातात रेझर घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि वाटलं, आता कोणी तपासणार नाही, तर करायची कशाला? तो एक दिवस राहिला, तसा दुसरा. वाजवणंही सुटलं. नात झोपलेली असते, भिंती पातळ, आणि ओठाखाली खुंट. क्लॅरिनेट कपाटावर आहे.

''काढून टाकू का?'' त्यांनी पेटीकडे हात करत विचारलं. ''रेझर तर आलीच आहेत, दुकान थाटता येईल इतकी.''

''थांबा,'' ताई म्हणाली.

तिने हात पुढे केला. सवयीने डोळे मिटणार होती, पण मिटले नाहीत. दाढी तिला वाटली होती त्यापेक्षा मऊ होती, आणि खाली कुठेतरी जबडा होता, जो तिला पाठ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोटांना त्या चेहऱ्यावर काही शोधायचं नव्हतं. पुढे कागद नव्हता. मास्तरांनी मान किंचित तिच्या तळव्याकडे कलती केली आणि तशीच ठेवली. दोघांचा चहा गार झाला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ''त्या दिवशी मी खरंच होकार कळवला नव्हता.''

''माहीत होतं मला.''

''मग?''

''आई होती. आहे अजून.''

''आणि माझ्याकडे आता ही चिमुरडी आहे,'' मास्तर म्हणाले. ''सकाळी पाळणाघरात मी पोचवतो, संध्याकाळी मी आणतो. माझं बोट सोडलं तर रडते.''

दोघंही हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं काय करणार? तिची परतीची बस लवकरची होती. मास्तर स्टँडवर सोडायला आले आणि बस वळेपर्यंत उभे राहिले. खिडकीतून तिला त्यांची दाढी तेवढी दिसत राहिली, पांढरी, गर्दीतही उठून दिसणारी.

तक्रार मिटली, म्हणून कंपनीच्या नंबरवर त्यांना फोन करता येईना. ते घरच्या फोनवर करायला लागले. पहिला फोन नेमका आईने उचलला. ताई येईपर्यंत आईने कानाशी रिसीव्हर दाबून ओरडून सगळी चौकशी केली होती. वय काय, पेन्शन आहे का, गुडघे कसे आहेत. ताई आल्यावर तिच्या हातात फोन देत म्हणाली, ''आवाज बरा आहे. मलासुद्धा ऐकू आला.''

पुढच्या खेपेला ताई गेली तर मास्तरांनी दाढी काढलेली. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा पांढुरका आणि गळाभर लाल पुरळ. पेटीतलं सगळ्यात भारी म्हणून पाच पात्यांचं घेतलं होतं, आणि तेही वाढलेल्या दाढीवर थेट चालवलं. ताईने कपाळावर हात मारला. सहा महिने काय ऐकत होता तुम्ही? आधी कात्रीने बारीक करायची असते, मग भिजवायची. मास्तर म्हणाले की सहा महिने आवाज ऐकत होतो, मजकुराकडे लक्ष नव्हतं. तिने त्यांना नेहमीचं तीन पात्यांचं काढून दिलं आणि गळा बरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं बजावलं. आता ते रोज दाढी करतात. क्लॅरिनेट कपाटावरून खाली आलंय, पण ओठ अजून धरत नाही, थोडं वाजवलं की सैल पडतो. ताईच्या कानावर ते अजून पडलेलं नाही. रविवारी जावई घरी असतो आणि दुपारी झोपतो.

एक दिवस आईनेच विषय काढला. म्हणाली, ''माझ्या नावावर किती दिवस बसून राहणार आहेस? मी काय भिंत आहे, हलवता न येणारी? मलाही ने. फक्त जिना नको, आणि खिडकीत सकाळचं ऊन हवं. नाहीतर मी इथेच मरते आणि तुझी सुटका करते.''

''आई.''

''मग शोध घर.''

तेव्हापासून शोध चालू आहे. मास्तरांच्या मुलीच्या इमारतीपासून चालत जाता येईल अशी जागा हवी, म्हणजे नातीचं पाळणाघर चुकणार नाही. एक पाहिली ती तिसऱ्या मजल्यावर. एक तळमजल्यावर होती पण इतकी अंधारी की दुपारी दिवा लावावा लागे. आणि एक आहे, अगदी हवी तशी. तळमजला, पूर्वेला दोन खिडक्या, मागे कपडे वाळत घालायला थोडी जागा. पण तिथे एक कुटुंब भाड्याने राहतं. गावाच्या कडेला त्यांचं स्वतःचं घर बांधून होतंय, ते झालं की जागा सोडतील. मालक म्हणाला, बांधकाम आहे, त्याच्या वेळेनेच होणार.

त्यामुळे हल्ली ताई आली की दोघं आधी गावाच्या कडेला चालत जातात. ते घर त्यांचं नाही, त्या माणसांशी त्यांची ओळखही नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघतात. भिंती कुठवर आल्या, छत पडलं का, गवंडी कामावर दिसतात का. एकदा महिनाभर काम बंद होतं, वाळू मिळत नव्हती म्हणे, तेव्हा मास्तरांना रात्री झोप लागेना. त्या घराची इतकी वाट ते बांधणारेही बघत नसतील. मग दोघं स्टँडवर येतात, चहा घेतात, आणि ताईची बस लागते. घरी गेल्यावर आई दारातच विचारते, ''कुठवर आलं?''

मागच्या खेपेला खिडक्यांना गज बसले होते. दारं अजून यायची होती.